मामांचा जाळपट्टा

सगळं जग रस्ता बघून घराबाहेर पडतं. निमोण्याचे माझे मामेसासरे तेवढे आधी नाक वर करून हवा हुंगतात. धूर कुठला हे त्यांना वासावरून कळतं. उसाचं पाचट गोडसर, माळाचं गवत उग्र, आणि टायर जळत असला तर ते नुसते थुंकतात. एकदा आम्ही दौंडला रेल्वे गाठायला निघालो होतो. वाटेतल्या डोंगराला वणवा लागलेला दिसला, तशी त्यांनी मोटरसायकल उलटीकडे वळवली आणि अर्धा तालुका कच्च्या रस्त्याने फिरवला. गाडी अर्थातच गेली. "गाडी गेली, पन छाती वाचली का न्हाई?" मामा म्हणाले. धुळीने माझा जीव खोकून खोकून अर्धा झाला होता, पण धूळ त्यांच्या लेखी हवेत मोडतच नाही.

छाती हे निमित्त; या साऱ्या काळजीचं खरं मूळ गच्चीवरच्या दुर्बिणीत आहे. धुराचा पातळसा पडदा आला तरी मामांचं आकाश नासतं. मामींनी मात्र वीस वर्षांत त्या नळकांड्याला कधी डोळा लावला नव्हता. मग गेल्या फाल्गुनात त्या अचानक म्हणाल्या, "आज सांजच्याला एकदाच बघते. परत नाव काढायचं न्हाई."

मामांचा तोलच गेला. नवं गवत चांगलं फुटावं म्हणून माळ पेटवायची आपल्याकडे रीतच आहे. नेमका आजच कुणी पेटवला तर? म्हणून त्यांनी भर दुपारी माळाच्या कडेचं गवत स्वतःच जाळायला घेतलं. असा जाळपट्टा केला की आग पुढे सरकत नाही. आग झोडपायला ओली फांदी घेऊन मीही सोबत होतो. वारा बघायला मात्र ते जन्मात पहिल्यांदाच विसरले. सगळा धूर गावावर येऊन बसला. लोक दिवसाढवळ्या हेडलाइट लावून गाड्या चालवू लागले. मामा फाट्यावर उपरणं हलवत त्यांना वाट दाखवत होते. कुणा येड्यानं पेटवलं, असं जो तो विचारी आणि मामा प्रामाणिकपणे स्वतःकडे बोट दाखवत. माळ पेटवायला त्या दिवशी कुणी फिरकलंच नाही.

संध्याकाळी मामी नाकाला पदर लावून वर आल्या. मामांनी अंदाजानेच दुर्बीण गुरू ग्रहाकडे वळवली. मामी बराच वेळ डोळा लावून बसल्या.

"दिसतोय का?" मामांनी हळूच विचारलं.

"व्हय की. लई झ्याक हाय."

"आन् चंद्र किती?"

"तुमी सांगितलं व्हतं तेवढं समदं."

समोर धुराशिवाय काही नव्हतं, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी मामींना उठवलं नाही. कुठला चंद्र कुठे असेल ते एकेक करून सांगत राहिले, आणि मामी डोळा न काढता ऐकत राहिल्या. मला त्या दोघांचा फार हेवा वाटला.