आखडलेला तळहात

"याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात," माझी बोटं सरळ करू पाहत डॉक्टर म्हणाले. बोटं अर्ध्यावर अडली. "भरलेल्या जखमेची कातडी आखडली आहे. हात असाच ठेवलात तर कायमचा वाकडा राहील."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. मुलुंडला दादा-वहिनींकडे राहायचे. दोन महिन्यांपूर्वी ओल्या लादीवरून पाय घसरला आणि उजवा तळहात शेगडीवरच्या तापल्या तव्यावर टेकला. मूठ मिटली की दुखत नसे, म्हणून मी हात मिटूनच ठेवला. टायपिंगची परीक्षा भाजण्याआधी नुकतीच पास झाले होते. नोकरी लागायची ती या हातावरच.

"पण जखम तर बरी झाली ना?" मी विचारलं.

डॉक्टरांनी खिशातला रुमाल टेबलावर पसरला आणि मधोमध चिमटीत धरून गोळा केला. चारही कडा आत सरकल्या.

"जखमेतल्या पेशी, म्हणजे शरीराचे अगदी बारीक घटक, भोवतालच्या कातडीला धरून अशाच आत खेचतात. त्यामुळेच जखम मिटते. तुमच्या तळहातात त्या खेचतच राहिल्या. आता आपण उलटं ताणायचं. रोज, हळूहळू. झटका दिलात तर कातडी फाटेल आणि पुन्हा तेच. तीन महिने बघू, नाहीतर ऑपरेशन."

दर गुरुवारी इस्पितळात गरम मेणात हात बुडवायचा. घरी स्प्लिंट, म्हणजे कापूस लावलेली लाकडी पट्टी, बांधून झोपायचं. आणि रोज दुपारी जेवणं आटोपली की मागच्या पडवीत वहिनी खोबरेल तेल लावून एकेक बोट ताणायची.

तेव्हाचं मुलुंड दुपारी इतकं शांत असायचं की शेजारच्या विहिरीवरचा रहाट ऐकू यायचा. त्या शांततेत माझं रडणं आळीभर जायचं. एकदा मी ओरडले, "तुला मजा येते ना गं मला छळायला?"

वहिनी मालवणची. बोट न सोडता म्हणाली, "रड गो बाय, पण मूठ नको आवळू."

तिसऱ्या महिन्यात काहीच फरक दिसेना. मी स्प्लिंट खाटेखाली भिरकावली. "कापू देत काय कापायचं ते!" वहिनीने ती वाकून काढली, पदराने पुसली आणि पुन्हा माझ्या हाताला बांधली.

मग अनामिका सुटली. मागोमाग मधलं बोट. महिनाअखेर डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन नको. पण ताणणं थांबवू नका."

करंगळी शेवटपर्यंत वाकडीच राहिली. तिची अक्षरं मी अनामिकेनं मारायला शिकले. वर्षाच्या आत फोर्टातल्या एका कचेरीत मला नोकरी लागली.

ती बातमी ऐकून वहिनी पेढ्यांचा पुडा सोडायला बसली. दोऱ्याची गाठ तिला सुटेना. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. तिचे दोन्ही अंगठे सांध्यात सुजले होते.

"हे कधीपासून?"

"झाले म्हयने. तुझी बोटां सुटत नाय होती, माझो आंगठो खंय बघत बसू?"

मी उठून शेकायला पाणी तापवलं.

कुणाचा हात भाजला असेल तर हात कधीपासून हलवायचा, हे डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात विचारा. आणि तुमचा हात धरून जे माणूस तुम्हाला रोज रडवतं, त्याचा हातही वेळेवर बघा. मला तो दिसायला फार उशीर झाला.