बदलीचा डावा हात

तुम्ही कोणत्या बँडमध्ये असता, असं त्याला विचारू नये. लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात, लिफ्टमध्ये लोक विचारतात, आणि उत्तर ऐकलं की मिळेल त्या मजल्यावर उतरतात. शहरात निघालेल्या रॉकच्या रेकॉर्डपैकी निम्म्यांवर कीबोर्ड त्याने वाजवलेला आहे आणि एकाही बँडच्या फोटोत तो नाही. हे तो सांगतो तेव्हा आवाज चढलेला नसतो. तो चढलेल्या जागीच कायमचा राहायला गेलेला आहे.

त्याला सगळे बदली म्हणतात. पहिल्यांदा स्टुडिओत गेला तो कुणाला तरी कावीळ झाली म्हणून, त्याच्या जागी. काविळीतून तो माणूस बरा झाला, वाजवायचं सोडून विम्याच्या धंद्यात गेला, सुखी झाला. बदली मात्र बदलीच राहिला. खऱ्या नावाने हाक मारणारा आता बँकेतला कारकून तेवढा उरला आहे, आणि तोही आडनावाने.

वडिलांचा टायपिंगचा क्लास होता. दवाखान्याच्या वर एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना यंत्रं, आणि प्रत्येक यंत्राच्या कळांवर पुठ्ठ्याचं झाकण, विद्यार्थ्याने खाली बघू नये म्हणून. बदली शेवटच्या यंत्रावर वाढला. दहाही बोटं सारख्याच वजनाने पडली पाहिजेत, करंगळीला सवलत नाही, हा घरचा कायदा होता. पुढे शाळेच्या हॉलमधल्या बेवारस पियानोची किल्ली संगीताच्या बाईंनी त्याच्याकडे दिली, तेव्हा वडील एवढंच म्हणाले की वाजवायचंच असेल तर निदान बघून वाजवू नकोस. त्याने आजवर कळांकडे बघितलेलं नाही. समोरच्याकडे बघतो, आणि समोरच्याला ते फारसं सुखाचं होत नाही.

क्लासची आणखी एक खूण हातात राहून गेली. टाइपरायटरवर ओळ संपली की डावा हात उचलून दांडी ढकलायची आणि गाडा पुन्हा सुरुवातीला आणायचा. पियानोवर ढकलायला दांडी नव्हती, तरी ओळ संपली की त्याचा डावा हात आपोआप उचलला जाई आणि पुढच्या ओळीवर किंचित उशिरा उतरे. ठेका चुकत नसे. फक्त ऐकणाऱ्याला वाटायचं की आता चुकणार, आणि तो श्वास रोखून धरायचा. संगीताच्या बाईंनी ही खोड मोडायचा पुष्कळ प्रयत्न केला. शेवटी त्यांनी नोकरी बदलली; त्या दोन गोष्टींचा संबंध असेलच असं नाही.

स्टुडिओ टायरच्या गोदामाखाली तळघरात होता. गाणी प्रेमाची असोत की क्रांतीची, वास रबराचा. तिथे बदली काय वाटेल ते वाजवायचा. काळ्या चामड्याच्या जाकिटातली पोरं येऊन जग जाळून टाकायच्या गोष्टी करायची. हा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, खिशाला पेन लावून, ऑर्गनमधून असा काही गुरगुराट काढायचा की पोरंच एकमेकांकडे बघायची. दुपारी दुसऱ्या बँडला पावसानंतरच्या खिडकीसारखा पियानो हवा असायचा. तोही मिळायचा. कुणाला समुद्र हवा असे, कुणाला चर्च, कुणाला नुसतीच धूसर अशी काहीतरी खिन्नता. बदली सगळं ऐकून घ्यायचा आणि एकच शंका विचारायचा, "रागावलेलं हवं की रागावल्यासारखं?" बहुतेकांना रागावल्यासारखं हवं असायचं. रागावलेलं त्याच्याकडे भरपूर शिल्लक राहिलं ते त्यामुळेच.

पैशांची तक्रार कधी नव्हती. ते वेळच्या वेळी मिळत. तक्रार नावाची होती. तळघराचा रिवाज असा की बाहेरच्या वादकाचं नाव बँडच्या कव्हरवर यायचं नाही. बँड म्हणजे चार मित्र, चार चेहरे, लहानपणापासून एका गल्लीत वाढलेले वगैरे. त्यात पेन लावलेला पाचवा माणूस निघाला तर पोस्टरचं काय करायचं?

त्यातला सगळ्यात मोठा बँड म्हणजे दाढीचा. दाढी हा गायक. दाढी कधीच काढून टाकली तरी नाव टिकलं. त्याच्या बँडच्या कीबोर्डवर होता राजबिंडा. राजबिंडा दिसायला असा की त्याने नुसतं उभं राहिलं तरी पहिल्या रांगेचं भागायचं. वाजवायला लागला की मात्र पंचाईत. बोटं चांगली होती, पण ठेका हा प्रकार त्याला लोकांच्या सांगण्यावरूनच माहीत होता. म्हणून कार्यक्रमात त्याचा आवाज बारीक ठेवत, आणि रेकॉर्ड करताना बदलीला बोलावत. बँडच्या तिन्ही रेकॉर्डवरचा कीबोर्डचा प्रत्येक सूर बदलीचा. दर वेळी दाढी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचा की आत्ता घातलं तर राजबिंड्याचं मन दुखेल, पुढच्या वेळी तुझं नाव नक्की. राजबिंडा बिचारा कोपऱ्यात बसून चहा प्यायचा आणि ऐकायचा. त्याने कधी बदलीशी वाकडं बोलल्याचं कुणाला आठवत नाही. नीटही बोलल्याचं आठवत नाही.

मग वर्तमानपत्रांना राजबिंड्याचा डावा हात सापडला. तो किंचित उशिरा उतरणारा हात म्हणजे एका पिढीचा संकोच आहे, असं एका समीक्षकाने लिहिलं. दुसऱ्याने त्यात मृत्यूची चाहूल ऐकली. टाइपरायटरचा गाडा कुणालाच ऐकू आला नाही. संगीताच्या क्लासांमधून मुलं राजबिंड्यासारखा डावा हात उचलायला शिकू लागली. बदलीच्या मेहुण्याने भर पंगतीत विचारलं, "दाजी, त्या फोटोत तुम्ही कुठे?" बदली म्हणाला, मागे. मेहुणा म्हणाला, "मागे तर भिंत आहे." त्यानंतर सासुरवाडीच्या लग्नांना बदली आजारी पडू लागला.

गेल्या वर्षी राजबिंडा वारला. आणि दाढीने ठरवलं की मित्राला श्रद्धांजली म्हणून एक नवं गाणं करायचं, हुबेहूब त्याच्या शैलीत. त्याने बदलीला फोन केला. या वेळी मी स्वतः सगळ्यांना खरं सांगणार, तुझं नाव गाण्यावर असेल, असं तो म्हणाला. बदलीने फोन ठेवला आणि शर्टाला इस्त्री करायला घेतली. बायको म्हणाली, "अहो, जाऊ नका. तो माणूस मेला तरी तुम्ही त्याचेच बदली राहाल." बदली म्हणाला की या वेळी शब्द दिलाय. शब्द तर तिन्ही वेळा दिला होता, असं बायको म्हणाली आणि इस्त्रीचं बटण बंद केलं. तो अर्धी इस्त्री केलेला शर्ट घालूनच गेला.

तळघर आता स्वच्छ झालेलं होतं, रबराचा वासही गेला होता. काचेपलीकडच्या खोलीत एक तरुण संगीत संयोजक बसला होता, नम्र, शिकलेला, आणि बदली कोण याची सुतराम कल्पना नसलेला. त्याच्या शेजारी दाढी. मागच्या सोफ्यावर राजबिंड्याची बायको, हातात पर्स घट्ट धरून. तिला मुद्दाम बोलावलेलं होतं. बदलीने सवयीने दाढीकडे बघितलं. दाढीने डोळ्यांनीच सांगितलं, थांब, सांगतो.

बदलीने हेडफोन लावले आणि वाजवलं. ओळ संपली, डावा हात उचलला गेला, किंचित उशिरा उतरला. तोच हात. मध्ये इतकी वर्षं गेली होती, पण गाडा तिथेच परत येत होता.

हेडफोनमध्ये संयोजकाचा आवाज आला. "काका, छानच. पण राजबिंडा सरांचा डावा हात तुम्ही जरा जास्तच करताय. नक्कल वाटते. ओरिजिनलमध्ये इतका उशीर नाहीये."

बदली काचेतून दाढीकडे बघत राहिला. एका वाक्याचं काम होतं. दाढीने मान खाली घातली, नाक खाजवलं, आणि माइकचं बटण दाबून म्हणाला, "थोडं कमी कर, बदली. पोरगा म्हणतोय ते बरोबर आहे."

बदलीने पुन्हा वाजवलं. या वेळी संयोजकाला सगळं फार सरळ वाटलं. तिसऱ्या वेळी कोरडं वाटलं. त्याने मोठ्या अदबीने सुचवलं की काकांनी आधी जुन्या रेकॉर्ड नीट ऐकाव्यात, सरांचा स्वभाव समजून घ्यावा, हवं तर तो आत्ताच लावून ऐकवेल. बदलीचे कान लाल झाले. त्याने पेन खिशातून काढलं, कीबोर्डच्या कडेला ठेवलं, आणि म्हणाला, "सरांच्यासारखंच हवं ना? मग घ्या."

आणि त्याने राजबिंडा वाजवला. रेकॉर्डवरचा नव्हे, खरा. कोपऱ्यात बसून चहा पिणारा राजबिंडा सगळे निघून गेल्यावर कधीमधी ऑर्गनपाशी बसायचा, तेव्हा बदली वायरी गुंडाळत असायचा, आणि त्याचा कान कुणाचंच काही विसरत नाही. सुंदर, लांब बोटं. उजवा हात घाईत, डावा घाबरलेला. दुसऱ्या ओळीवर अडखळून पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा त्याच जागी ठेच. मग ठेका सोडून नुसताच एक सूर धरून बसणं. बदली प्रत्येक चूक तिच्या जागेवर ठेवत होता. हे काही मोठ्या मनाने चाललेलं नव्हतं. त्याला दाढीच्या तोंडावर त्याच्या मित्राचं हसं करायचं होतं, आणि ते जमतही होतं. संयोजकाने हसू दाबायला तोंडावर हात धरला.

हेडफोनमध्ये बाईचा आवाज आला. राजबिंड्याची बायको सोफ्यावरून उठून माइकपाशी आली होती.

"हे त्यांचं," ती म्हणाली. "हे आमच्या घरचं आहे. दार लावून असंच वाजवायचे. इथेच अडायचे."

बदलीचे हात कळांवर तसेच राहिले. मग तिने दाढीला विचारलं, शांतपणे, भाजीचा भाव विचारावा तसं, "भावजी, मग रेकॉर्डवर कोण आहे?"

एवढ्या वर्षांत न निघालेलं वाक्य तेव्हाही दाढीच्या तोंडून निघालं नाही. त्याने फक्त काचेकडे बोट केलं.

पुढचं सगळं संयोजकाच्या खोलीत उभ्याउभ्याच झालं. दाढीने तोडगा काढला: खाली बारीक अक्षरात ‘विशेष सहकार्य’ म्हणून बदलीचं नाव घालू. बदली म्हणाला की कीबोर्ड या शब्दापुढे एकच नाव, त्याचं, बाकी अक्षराबद्दल हट्ट नाही. दाढी म्हणाला, अरे, माणूस गेला, आता त्याच्याकडून काय काढून घेतोस? बदली म्हणाला, "तो जिवंत असताना मी मागितलं होतं. तेव्हा तू म्हणालास, त्याचं मन दुखेल. आता म्हणतोस, तो मेला. मग मागायचं कधी, तेवढा दिवस सांग." बदली बाहेर पडला. जाताना त्याने राजबिंड्याच्या बायकोपुढे क्षणभर थांबून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, माफीसारखं असावं, पण ते त्याच्या कामाच्या यादीत नव्हतं आणि नीट आलंही नाही. ती म्हणाली, "असू द्या. छान वाजवलंत." त्यातलं कुठलं वाजवणं, हे तिने सांगितलं नाही.

गाणं निघालं. त्यांना बदलीची गरज पडली नाही. संयोजकाने जुन्या टेपवरून डाव्या हाताचे तुकडे कापले आणि नव्या गाण्यात चिकटवले. म्हणजे ते गाणं बदलीनेच वाजवलं, फक्त घरी बसून. राजबिंड्याच्या बायकोने नवऱ्याचं नाव घालू दिलं नाही. जे त्यांनी वाजवलं नाही त्यावर त्यांचं नाव नको, असं तिने कळवलं. बदलीचं नाव दाढीने घातलं नाही. त्यामुळे कीबोर्ड या शब्दापुढे काहीच नाही. लोकांना वाटलं, छपाईत राहून गेलं. एका समीक्षकाला त्या रिकाम्या जागेत दिवंगत कलावंताची उपस्थिती जाणवली.

ते वाचून बायको म्हणाली की निदान त्याचं तरी नाव नाही. बदलीने वर्तमानपत्र चुरगळून फेकलं आणि निदान हा शब्द या घरात पुन्हा ऐकायचा नाही असं बजावलं. ती म्हणाली, बरं, आणि चुरगळलेला कागद उलगडून खिडकीची काच पुसायला घेतला.

आता कुठल्याही बँडचा फोन आला की तो आधी म्हणतो, कव्हर छापून आणा, माझं नाव दाखवा, मग वाजवतो. पलीकडचे म्हणतात, विचारून कळवतो. अजून कुणी कळवलेलं नाही. रोज सकाळी तो शर्ट घालतो, खिशाला पेन लावतो आणि कीबोर्डवरचं फडकं काढून दोन तास वाजवतो. खालच्या मजल्यावरच्यांनी परवा दार वाजवून विचारलं की जरा हळू वाजवाल का. हळू वाजवायला मी काय मेलोय, असं म्हणून त्याने दार लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.