वाहकाची जागा

काही माणसं बोलण्याआधी घसा खाकरतात. हे गृहस्थ चिमटा वाजवत. तिकिटाला भोक पाडायचा कंडक्टरचा चिमटा तुम्हीही पाहिला असेल. गाडीच्या दांडीवर तो टक् टक् वाजला की झोपलेल्या उतारूचा हातसुद्धा आपोआप खिशाकडं जायचा. नोकरी संपली तेव्हा चिमटा खात्यात जमा करावा लागला आणि महिनाभर यांना बोलणंच सुचेना. शेवटी कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून त्यांनी दुसरा चिमटा विकत आणला. मग चहाच्या हॉटेलातल्या टेबलावर टक् टक्, देवळाच्या कठड्यावर टक् टक्, आणि त्यामागून ते ठरलेलं वाक्य, "जागा हाय की! पुढं सरका."

गाव त्यांना कंडक्टर म्हणायचं, म्हणून इथं मीही तेच म्हणतो. मी गावच्या हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचो आणि त्यांच्या शेजारच्या घरात भाड्यानं राहायचो. मधली भिंत इतकी पातळ होती की त्यांच्या घरी फोडणी पडली की आमच्याकडं ठसका लागायचा.

आमचं गाव कुरुंदवाडच्या अलीकडं, नदीकाठचं. जमीन अशी की विसरलेली काठीसुद्धा रुजायची. अशा गावात बागप्रेमी मंडळ काढायची काही गरज नव्हती, पण डॉक्टर आणि पोस्टमास्तर या दोघांनी ते काढलं होतं. संक्रांत झाली की शाळेच्या मोठ्या वर्गात फुलांचं आणि भाजीपाल्याचं प्रदर्शन भरायचं. त्यात नंबर सगळ्यांना हवे असत. काम कुणालाच नको असे, कारण प्रदर्शनानंतर महिनाभर नंबर न मिळालेली माणसं संयोजकाला नमस्कार करत नसत. कंडक्टर गावात रिकामे दिसले आणि मंडळानं एकमतानं ते काम त्यांच्या गळ्यात घातलं.

त्यांना बागेतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. वाल आणि घेवडा यांतला फरक त्यांना शेवटपर्यंत सांगता आला नाही. पण गर्दी कळत होती, आणि त्यांच्या मते भाजी काय, माणूस काय, शेवटी गर्दीच.

पहिल्याच वर्षी त्यांनी वर्गातले बाक दोन रांगांत लावले आणि मधे चिंचोळी वाट ठेवली. दारात उभं राहून ते प्रत्येक भाजीला तिकीट देत. पुठ्ठ्याची ती तिकिटं मीच कापून दिली होती. लिंबं आणि मिरच्यांना अर्धं तिकीट. ऊस उभ्यानं. उशिरा आलेला एक भोपळा बाकावर मावेना, तेव्हा त्यालाही त्यांनी वाटेत उभ्याचं तिकीट दिलं आणि भोपळेवाल्याला बजावलं, "फुडल्या साली लौकर या."

कुणालाही परत पाठवायचं नाही, हा त्यांचा नियम. शाहूवाडीकडचे एक म्हातारबाबा लेकीला भेटायला आले होते. हातात चांगला हातभर लांबीचा मुळा. ते बिचारे शाळेवरून नुसते चालले होते.

"पावणं, कुठनं आलासा?"

"डोंगराकडनं. लेकीकडं निगालोय. तिच्यासाठी मुळा आणलाय."

"आणा हिकडं. जागा हाय की."

मुळ्याला तिसरा नंबर मिळाला. लेकीला मुळा संध्याकाळी मिळाला आणि तोवर वडील कुठं हरवले म्हणून तिनं अर्धं गाव पालथं घातलं होतं.

खरी गंमत परीक्षकांची झाली. ते कोल्हापूरहून आलेले शेतकी विषयाचे प्राध्यापक होते, फार सभ्य गृहस्थ. त्यांनी अर्धा वर्ग पाहिला आणि थांबले. पहिल्या बाकावर वांगं, त्याच्या शेजारी गुलाब, मग कोबी, मग पुन्हा वांगं, त्याच्या मांडीला मांडी लावून शेपू.

"वांगी सगळी एका ठिकाणी का नाहीत?" त्यांनी विचारलं.

"जशी चढली तशी बसली, सायेब," कंडक्टर म्हणाले.

"पण मला तुलना कशी करता येणार?"

"चालत जावा की. वाट ठेवलीया न्हवं."

प्राध्यापकांनी पुढच्या बाकावरचं एक वांगं उचललं आणि मागच्या वांग्याशी ताडून पाहायला निघाले. लगेच दांडीवर वाजावा तसा चिमटा दाराच्या चौकटीवर वाजला. "सायेब, बसलेल्याला उठवायचं न्हाय." वांगं जागेवर गेलं. त्या वर्षी प्राध्यापक एक वांगं डोक्यात ठेवून दुसऱ्याकडं जात आणि वाटेतल्या शेपूपाशी पहिलं विसरून परत येत. पुढच्या वर्षी मंडळानं रदबदली केली आणि वांगी एका बाकावर आली. कंडक्टरांनी ते मानलं, पण "ही शिस्त न्हवं, ही वशिलेबाजी हाय," असं म्हणतच.

वशिला हा शब्द त्यांच्या मनाला लागायचा. आणि आता मला काकींबद्दल सांगायला हवं.

काकी म्हणजे त्यांची बायको. यांची नोकरी सगळी मुक्कामी गाडीवर. आज या गावाला रात्र, उद्या त्या. काकींनी परसात तेलाचे रिकामे डबे मांडून त्यांत शेवंती लावली होती. आंघोळीचं पाणी, भांड्यांचं पाणी, सगळं त्या डब्यांना. "इतकी वर्सं ह्ये गाडीवर," त्या मला एकदा म्हणाल्या, "घरात बोलाय कोण? ही शेवंती. ती निदान ऐकून तरी घेती." पिवळीजर्द, गच्च भरलेली ती शेवंती बघितली की आमच्या पातळ भिंतीपलीकडचं ते परस मला श्रीमंत वाटायचं. गावात तशी शेवंती दुसरीकडं नव्हती आणि हे सगळ्या गावाला माहीत होतं.

पहिल्या प्रदर्शनाला काकी डबा घेऊन आल्या तेव्हा रांगेतून कुणीतरी हसत म्हणालं, "कंडक्टरच्या घरचं हाय. फुकटचा पास!" म्हणणारा सहज बोलला. पण ज्या माणसानं बिनतिकिटाच्या सासूला भर उन्हात फाट्यावर उतरवलं होतं, त्याला ते कसं सोसावं? (सासूबाईंकडं पैसे होते. जावयाच्या गाडीत तिकीट काढणं त्यांना कमीपणाचं वाटलं, इतकंच. काकी हे सांगताना अजून रागानं लाल व्हायच्या.) कंडक्टरांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की आपल्या घरचं झाड प्रदर्शनात बसेल, पण नंबरात नसेल. दाराजवळ एक स्टूल ठेवलं, त्यावर डबा ठेवला, आणि मला म्हणाले, "मास्तर, एक पाटी रंगवा. 'वाहक' म्हणून. ती शीट कंडक्टरची असती. तितं बसणाऱ्याला तिकीट न्हाय आन् मान बी न्हाय."

मी लाल अक्षरात पाटी रंगवून दिली. तेव्हापासून दर वर्षी गावातली सगळ्यात देखणी शेवंती 'वाहक' लिहिलेल्या स्टुलावर बसायची आणि दर वर्षी प्रदर्शनानंतर काकी नवऱ्याशी काही दिवस शेवंतीमार्फतच बोलायच्या. "सांग गं त्येनला, जेवाण वाडलंय." मला भिंतीतून ऐकू यायचं.

नंबरांची कार्डं मीच रंगवायचो. एका वर्षी काकी ताक घेऊन आल्या तेव्हा ती टेबलावर वाळत पडली होती.

"पयल्या नंबरचं ह्येच न्हवं?" त्यांनी सोनेरी काठाचं कार्ड अलगद उचललं.

"होय."

त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, परत ठेवलं आणि पदराला हात पुसले. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "काकी, तुम्हाला एक करून देतो. कुणाला कळणार नाही."

"तसलं काय करायचंय मास्तर? समद्यांम्होरं पायजे," त्या म्हणाल्या आणि ताकाचं भांडं रिकामं करून घेऊन गेल्या.

आपलं शेजाऱ्याचं तोंड. मी ते कंडक्टरांना सांगितलं. त्या दिवशी चिमटा वाजला नाही. पुढच्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मात्र त्यांनी जाहीर केलं, "औंदा मी प्यासिंजर. दार मास्तर बघतील."

ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट संक्रांत. मला गर्दी कळत नव्हती. दारात कोबी आणि माणसं एकमेकांत अडकली, दोन भोपळे एकाच जागेवर बसले, आणि कुणी माझं ऐकेना. कंडक्टर रांगेत काकींच्या मागं शेवंतीचा डबा छातीशी धरून उभे होते. माझा गोंधळ बघून त्यांचा हात शंभर वेळा खिशातल्या चिमट्याकडं गेला असेल, पण डबा दोन्ही हातांत होता. त्यांनी तिकीट घेतलं, नीट निरखून पाहिलं आणि डबा फुलझाडांच्या बाकावर ठेवला.

परीक्षकांनी शेवंतीला दुसरा नंबर दिला.

पहिला मिळाला गुरवाच्या झेंडूला. देवळामागं निर्माल्य टाकतात, तिथं तो आपोआप उगवला होता. आपल्याकडं झेंडू आहे हे गुरवाला आदल्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी सांगितलं, तेव्हा त्यानं तो उपटून घमेल्यात लावून आणला. झाड खरंच जोमदार होतं, त्याला इलाज नाही. नंबर ऐकून सगळ्यात जास्त घाबरला तो गुरवच.

"त्येला कुणी पाणी तरी घाटलंतं काय?" काकी म्हणाल्या.

"तपासनीस म्हणल ते खरं," कंडक्टर म्हणाले. पण आवाज त्यांचा नव्हता. एवढं दार सोडलं आणि हाती काय आलं, तर दुसरा नंबर. मला त्या दिवशी त्यांच्याकडं बघवेना.

संध्याकाळी भिंतीपलीकडून काकींचा आवाज आला, आणि या खेपेला त्या शेवंतीशी बोलत नव्हत्या. "फुडल्या साली तुमी आपलं दारात जावा. म्हैनाभर घरात बसून माझं समदं डबं हिकडचं तिकडं केलासा. 'पुढं सरका, पुढं सरका.' कुठं सरकू? हितं भिताड हाय." मग दोघंही हसल्यासारखं वाटलं. भिंत पातळ असली तरी हसणं नक्की कुणाचं ते कळत नाही. दुसऱ्या नंबरचं कार्ड मात्र काकींनी देव्हाऱ्याच्या बाजूला लावलं, आणि पुढच्या वर्षी कंडक्टर दारात आणि शेवंती स्टुलावर, असं सगळं मूळपदावर आलं.

तसं ते बरीच वर्षं चाललं. मग एका उन्हाळ्यात कंडक्टर दुपारचे जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आमच्या बोळात माणूस मावेना, इतकी गर्दी. मागून कुणीतरी सवयीनं म्हणालं, "पुढं सरका," आणि म्हणणाऱ्यालाच रडू फुटलं. मीही रडलो. शेजारी होते म्हणून नव्हे. मला ते माणूस फार आवडायचं.

पुढची संक्रांत आली. मंडळानं दार पुन्हा माझ्याकडं दिलं. डॉक्टर हळूच म्हणाले, "आता काकींना अडवणारा नियम नाही. यंदा त्यांचाच पहिला." सगळ्यांच्याच ते मनात होतं. गुरवानं तर आपण या वर्षी काहीच आणणार नाही असं आधीच सांगून टाकलं होतं. मी पहिल्या नंबरच्या कार्डाला सोनेरी काठ दोनदा दिला, 'वाहक'ची पाटी शाळेच्या कपाटात ठेवली, आणि फुलझाडांच्या बाकावर मधोमध जागा राखली.

सकाळी काकी आल्या. कडेवर डबा, डब्यात शेवंती. इतकी फुलली होती की पानं दिसत नव्हती. रांगेतल्या लोकांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. मी तिकीट पुढं केलं. त्यांनी ते घेतलं नाही. दाराजवळची रिकामी जागा बघत उभ्या राहिल्या.

"मास्तर, ती पाटी कुठाय?"

"काकी, आता तिची गरज नाही. आता तुम्ही नंबरात आहात. तिकडं मधे जागा ठेवलीय बघा."

"पाटी आणा."

"काकी, यंदा पहिला तुमचाच येणार."

"म्हाईत हाय की मला," त्या म्हणाल्या. "मग हितं कोण बसंल?"

 मी कपाट उघडून पाटी आणली, स्टूल आणलं. काकींनी डबा त्यावर ठेवला, पाटी त्याला टेकवून सरळ केली आणि एक वाळकं पान खुडून टाकलं. एवढ्यात दारात नेहमीसारखी कोंडी झाली होती. पुढच्या माणसाचा ऊस चौकटीत आडवा आला होता, मागचे ढकलत होते, आणि मी "अहो, जरा, अहो," असं काहीतरी म्हणत होतो.

काकींनी कनवटीला खोचलेला कंडक्टरांचा चिमटा काढला. मला वाटलं मला देताहेत, म्हणून मी हात पुढं केला. त्यांनी तो दिला नाही. दाराच्या चौकटीवर वाजवला, टक् टक्.  ऊस सरळ झाला, आणि दारातली सगळी माणसं आपापल्या कोबी-भोपळ्यांसकट मुकाट्यानं पुढं सरकली.