घोंगडीवाल्यांनी निवडलेली शाळा

भोरला आमच्या शेजारी एक घोंगडीवाले राहत. समोरच्याचं वाक्य ते कधी पुरं होऊ देत नसत; "व्हय व्हय, कळलं" म्हणून स्वतःच संपवून टाकत. फक्त त्यांची मुलगी बोलू लागली की गप्प राहत, कारण ती शब्दाशब्दाला अडखळायची.

तिला शाळेत घालायचं ठरलं तेव्हा त्यांनी मला सोबत नेलं. संस्थानच्या मोठ्या शाळेत मास्तरांनी तिला नाव विचारलं. ती अडखळली, वर्ग हसला, आणि मास्तरांनी तेच बापाला विचारलं. मिशनची शाळा म्हणजे एक खोली आणि मूठभर पोरं. पण तिथल्या बाई तिचं नाव पुरं होईपर्यंत थांबल्या.

"हितंच घालतो," बाहेर येऊन ते म्हणाले.

"अहो, पण पोर बाटली तर?"

"त्याचं भ्या मलाबी हाय. पर हितं ती बोलंल."

पुढं एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो असताना मुलगी घरच्या खंडोबापुढं हात जोडून येशूची प्रार्थना म्हणू लागली. त्यांचा मागावरचा हात थांबला. शेवटच्या शब्दापर्यंत त्यांनी ऐकलं, मग उठून तिच्या कपाळाला भंडारा लावला.