उलटी धावलेली फटफटी

माझे वडील जनावरांचे डॉक्टर होते. गावोगाव फिरायला त्यांच्याकडं मोटारसायकल होती आणि सुटीच्या दिवशी मी तिच्या टाकीवर बसून त्यांच्याबरोबर जायची. म्हशीला सलाईन कसं लावतात, हे मला आता काही आठवत नाही. हँडल धरलेले माझे दोन हात आणि पोटापर्यंत येणारी इंजिनाची थरथर मात्र आजही तशीच आठवते. चौदाव्या वर्षी त्यांनी मला गाडी शिकवली. आईनं दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी तिनंच मला गाडीवरून दळण आणायला पाठवलं.

लग्न होऊन औरंगाबादला आले आणि गाडी सुटली. नवरा वाळूजच्या कारखान्यात होता, पण जायचा यायचा कंपनीच्या बसनं. कॉलेजात असताना स्कूटरवरून पडला होता, तेव्हापासून दुचाकी दिसली की तो रस्ता ओलांडून पलीकडं जायचा. घरात आम्हा दोघांखेरीज फक्त सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे. जन्म शेतात गेलेला, कमी बोलणाऱ्या. पहिली तीन वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी फार अदबीनं वागलो.

मग आत्यांच्या भावाकडं पाचोडला जत्रेच्या जेवणाला गेलो. हात धुवायला गोठ्यामागं गेले, तर कडब्याच्या आडून एक हेडलाइट माझ्याकडं बघत होता. जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल. टायर कुजलेले, टाकीवर गंजाचे चट्टे, सीटचा फोम उंदरांनी खाल्लेला, आणि त्या खळग्यात एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी पाया पडायला वाकावं तशी खाली बसले आणि इंजिनावरची माती पदरानं पुसायला लागले. मागं आत्या कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही.

"पाहिजेल का तुला?" त्यांनी विचारलं.

मी नुसती मान हलवली. बोलायला गेले असते तर हसू फुटलं असतं.

मामांची हरकत नव्हती. कोंबडीची होती. ती उठेपर्यंत गाडी हलवायची नाही, असं मामींनी बजावलं. पिल्लं निघायला अजून बारा दिवस होते. ते बारा दिवस मी घरात काय काम केलं, देव जाणे. एकदा चहात मीठ घातलं आणि नवऱ्यानं तो न बोलता प्यायला.

तेराव्या दिवशी टेम्पोतून गाडी आली. नवऱ्यानं तिच्याभोवती एक लांबून फेरी मारली आणि विचारलं, हे चालू तर होणार नाही ना? आत्या म्हणाल्या, नाय होत, काळजी नको करू. तो कामावर गेला, तसा त्यांनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि गाडीपाशी मांडी घातली.

तेव्हा मला कळलं की माझी सासू वीस वर्षं विहिरीवरचं डिझेल इंजिन एकटीनं चालवत होती. सासरे माळकरी, निवांत माणूस. इंजिन बंद पडलं की तेही झाडाखाली पडायचे. सगळी दुरुस्ती आत्यांच्या हातची. आमच्या गाडीची किक दगडासारखी बसली होती. आत्यांनी प्लग काढायला लावला, आत रॉकेल सोडलं आणि म्हणाल्या, आता चार दिवस हिला हात लावू नको. पाचव्या दिवशी मी किकवर उभी राहिले, तर ती लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली. मी आत्यांना मिठी मारली. तीन वर्षांतली ती पहिली.

त्यानंतरचे दोन महिने म्हणजे नुसता धुडगूस. कार्बोरेटर स्वयंपाकघरात, पातेल्यात. नवरा दुसऱ्या पाळीला असला की दुपारी आम्ही रोशन गेटजवळच्या एका उस्तादांकडं जायचो. ते जुन्या गाड्यांचे भाग शोधून द्यायचे. आत्या त्यांच्याशी पाचोडच्या मराठीत बोलायच्या, ते दखनीत उत्तर द्यायचे आणि दोघांचं उत्तम जमायचं.

शेवटी एका सकाळी किक मारली. गाडीनं पायाला उलटा झटका दिला, खोकली, आणि सुरू झाली. धुरानं अंगण भरलं. मी सीटवर बसले, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी मागं गेली. चांगली ऐटीत मागं गेली. फाटक माझ्यापासून लांब जात होतं आणि मला काही केल्या कळेना. शेजारणीच्या वाळत घातलेल्या कुरडयांत मागचं चाक शिरलं, तेव्हा गाडी बंद पडली.

आत्या ओट्यावर बसून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी, एका हातानं पोट धरलेलं. खूप वेळानं म्हणाल्या, "इंजिन उलटं फिरलं. आमचं बी एकदा फिरलं होतं. वर यायचं पाणी विहिरीनंच पिऊन घेतलं."

मी पळतच उस्तादांकडं गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. ठिणगी फार लवकर पडते, पॉइंटची प्लेट सरकलीय, असं सांगून ती किती फिरवायची ते बोटानं दाखवलं. मला ते बाजी, म्हणजे ताई म्हणायचे. निघताना म्हणाले, "उलटी चली ना, बाजी? मतलब इंजन जिंदा है." पुढं माझ्या हातून सात गाड्या उभ्या राहिल्या, पण हे वाक्य ऐकून झाला तेवढा आनंद पुन्हा झाला नाही.

प्लेट फिरवली. शेजारणीला कुरडया नव्यानं करून द्यायचं कबूल केलं. दुपारी गाडी सरळ पुढं गेली. आत्या म्हणाल्या, मी बी येते. नऊवारीत दोन्हीकडं पाय टाकून त्या मागं बसल्या आणि आम्ही छावणीतून नगर नाक्यावरून वाळूजच्या रस्त्याला लागलो. वारा तोंडात शिरत होता. मी काय ओरडत होते मला माहीत नाही. मागून आत्या दर दोन मिनिटांनी एकच सांगायच्या, अजून पळव.

गोलवाडीपासून परत फिरलो, तर पुढं पहिली पाळी सुटून परतणारी कंपनीची बस. आत्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मी बसच्या बाजूनं गाडी काढली. एका खिडकीतून एक डोकं आलं, मग दहा आली. कुणीतरी म्हणालं, अरे तुझी आई. माझा नवरा खिडकीत होता. त्यानं आधी मान फिरवली, मग परत वळवली, आणि बघतच राहिला.

नगर नाक्याच्या थांब्यावर बस थांबली. तो उतरून आमच्यापाशी आला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. आत्या आधीच खाली उतरल्या होत्या.

"तू बस मागं," त्या म्हणाल्या. "मी बशीनं येते." आणि त्या खरंच कंपनीच्या बसमध्ये चढल्या. आतल्या पोरांनी त्यांना पुढची सीट दिली.

नवऱ्यानं सीट दोनदा हातानं दाबून बघितली. मग तो बसला आणि माझी कंबर इतकी घट्ट धरली की मला श्वास घेता येईना. मी अगदी सावकाश चालवली. छावणीपर्यंत त्याचे डोळे मिटलेले होते, हे मी आरशात बघत होते. बाबा पंपाजवळ पकड थोडी सैल झाली. क्रांती चौकात घराकडं वळायचं, म्हणून मी हात दाखवला.

"जरा सरळच जाऊ," तो मागून म्हणाला.

आम्ही जालना रोडनं पार करमाडपर्यंत गेलो.