दुसऱ्या गाठीपर्यंतचं पाणी

तळ्याचं पाणी कसं आहे हे सांगायचा अधिकार बोटक्लबात एकाच माणसाला होता, आणि तो त्याला कुणी दिलेला नव्हता. त्यानेच घेतला होता. सगळे त्याला दादा म्हणत. सख्खा धाकटा भाऊ म्हणायचा, म्हणून बाकीचे नाववाले म्हणायला लागले, आणि पुढे क्लबचे साहेबसुद्धा. माणूस लाखात एक, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

दर सोमवारी सकाळी, वारा सुटायच्या आत, दादा तळ्याच्या मधोमध जायचा. धाकटा वल्ही धरून बसायचा आणि दादा दोरीला बांधलेली पांढरी ताटली पाण्यात सोडायचा. दोरीची दुसरी गाठ बुडेपर्यंत ताटली दिसली, तर पाणी चांगलं. त्याआधीच दिसेनाशी झाली, तर लाँच बंद. उथळ तळ्याचं तसंच असतं. लाँचचा पंखा तळचा गाळ ढवळतो, गढूळ पाण्यातून ऊन खाली पोचत नाही, उन्हावाचून पाणगवत मरतं, आणि गाळाला धरून ठेवणारं गवतच गेलं की साधी झुळूकही तळ्याचं डबकं करून टाकते. त्या गवतावर दादाचा फार जीव. वल्ह्याला गवत गुंडाळलं की गिऱ्हाइकं नाकं मुरडायची. दादा म्हणायचा, "अहो, ते आहे म्हणून तळ दिसतोय." उन्हाळ्यात तो कोपरापर्यंत हात बुडवून बसायचा. वर कोमट पाणी, खाली गार. वारा सुटून दोन्ही एक झाली की त्याचा चेहरा उतरायचा. या वयात माणसाने इतकं खुळं असू नये, पण होता.

लाँच चालवायचा धाकटा. सगळं बिनसलं ते तिथेच.

त्या वर्षी एका सोमवारी ताटली पहिल्याच गाठीला गायब झाली. "दिसत नाही," दादा म्हणाला. धाकट्याने वाकून पाण्यात पाहिलं, मग दादाकडे पाहिलं.

"दादा, एकदा डोळे दाखवून घे."

दादाचा पारा चढला. "लाँच बंद पडतेय म्हणून माझ्या डोळ्यांवर घसरलास होय?"

धाकट्याने लाँच काठावर ओढून ठेवली आणि बाकीच्यांसारखा तोही वल्ही मारायला लागला. भावाभावांत कामापुरतं बोलणं उरलं. दादाला वाटे, याने मनात अढी धरलीय. त्यातून धाकटा दिवसभर आपली नाव दादाच्या मागेमागेच ठेवायचा. हे मुद्दाम टोचून दाखवणं, दुसरं काय? ज्याला पाठीवर घेऊन पोहायला शिकवलं, त्याने असं वागावं, हे दादाला फार लागलं.

मग तो जगावरच चिडायला लागला. बल्ब मिणमिणता दिला म्हणून दुकानदाराशी भांडला. वर्तमानपत्रवाले शाई वाचवतात म्हणाला. त्याची बायको क्लबच्या तिकीटखिडकीत बसायची. तिकिटं फाडता फाडता तिने भल्याभल्यांना ओळखलं होतं. एका दुपारी वल्ह्याचं गवत सोडवताना दादा कुरकुरला, "यंदा जरा जास्तच माजलंय."

"गढूळ पाण्यात गवत मरतं ना?" तिने विचारलं. "तुम्हीच सांगता सगळ्यांना."

"मरतं."

"मग हे कशावर माजलंय?"

दादाने गवत चाचपलं. कोवळं होतं, लांबसडक होतं.

"पाण्याला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "चला डॉक्टरांकडे."

त्याने आढेवेढे घेतले, पण या बाईपुढे त्याची डाळ कधीच शिजली नव्हती. मोतीबिंदू निघाला, आणि तोही चांगला पिकलेला.

ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाली त्याच दिवशी दादा एका नाववाल्याला घेऊन तळ्यात गेला आणि ताटली सोडली. दुसरी गाठ बुडाली तरी ती खाली गवतात लख्ख दिसत होती. दादा दोरी धरून तसाच बसला. त्या सोमवारी धाकट्यानेही वाकून पाहिलं होतं.

काठाला आला तेव्हा धाकटा आपली नाव बांधत होता.

"तुला ताटली दिसत होती?"

"होती."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस? तुझी लाँच लगेच सुरू झाली असती."

"आणि तुला नावेवरून उतरवलं असतं," धाकटा म्हणाला. "नाव गेली असती तर तू जगला असतास का, दादा? तुला सांगून पाहिलं, तू ऐकेनास. मग म्हटलं, आपण मागे राहू. कुठे धडकलास तर जवळ असलेलं बरं."

"आणि मी तुला काय काय बोललो."

"ते तर लहानपणापासून ऐकतोय."

दादाने त्याचा हात हातात घेतला. लाँचचं चाक फिरवणारा मऊ हात तो. आता तळव्यावर वल्ह्याचे जाड घट्टे पडले होते. दादाला ते आज पहिल्यांदा दिसले.

डोळ्यात पाण्याचा थेंब येऊ द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं. दादाच्याने ते काही पाळलं गेलं नाही.