काठ हलता कामा नये

वस्तू विकत घेणारे जगात पुष्कळ असतात, पण वस्तूची परीक्षा घेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि माझे भाग्य असे की सात वर्षे मी त्याच्याच घरात भाड्याने राहिलो. बोनकोडे गावात आमच्या घरमालकांची इमारत आहे, तळमजला आणि वर तीन मजले. सर्वांत वर ते आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, त्यांच्या बरोब्बर खाली आम्ही. या इमारतीत माणूस ज्या ज्या गोष्टीवर बसतो, झोपतो, टेकतो किंवा उभा राहतो, तिच्यावर घरमालक आधी स्वतः बसले, झोपले, टेकले आणि उभे राहिले आहेत. गादी घ्यायची होती तेव्हा ते जेवण करून दुकानात गेले, चपला काढून आडवे झाले आणि दोन तास झोपले. दुकानदार बिचारा इतर गिऱ्हाइकांशी कुजबुजत बोलत होता म्हणे. उठल्यावर "उजव्या कुशीला गरम होतं" एवढा निकाल देऊन त्यांनी दुसऱ्या दिवसाची झोप दुसऱ्या दुकानात घेतली. इमारत बांधताना जिन्याची पायरी किती उंच ठेवावी हे ठरवायला ते आठवडाभर खांद्यावर तांदळाचे पोते घेऊन कोपरखैरण्यातल्या परक्या इमारतींचे जिने चढत होते. एका वॉचमनने कोणाकडे जायचे म्हणून हटकले, तर म्हणाले, "कोनाकडं नाय, तुमच्या जिन्याकडं आलोय."

मीही त्यांच्या परीक्षेतून सुटलो नव्हतो. नेरूळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. खोली बघायला गेलो तेव्हा नोकरी, पगार, गाव, जात यातले काहीच त्यांनी विचारले नाही. मला खुर्चीवर बसवले आणि पंधरा मिनिटे समोर बसून नुसते बघत राहिले. मग काकींना हाक मारून म्हणाले, "चालंल. गप बसू शकतो." पोटासाठी दिवसाला चार तास बडबड करणाऱ्या मला असे सर्टिफिकेट आयुष्यात दुसऱ्या कोणी दिलेले नाही.

पण त्यांची खरी विद्या पायात होती. घरमालक लहानपणी बापाबरोबर मिठागरात होते. मिठाच्या वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून तुडवून दगडासारखी घट्ट करावी लागते, आणि इतकी सपाट, की पाणी सोडले की सगळीकडे सारखे पसरले पाहिजे. मिठागरे गेली, त्यांच्या जागी इमारतींचे सेक्टर आले, पण त्यांचे पाय काही ते विसरले नाहीत. घरात ते अनवाणी चालत आणि चालता चालता थांबून म्हणत, "हितं पानी थांबंल." मी एकदा हौसेने लेव्हल बॉटल लावून पाहिली. बुडबुडा केसभर सरकलेला होता. त्यानंतर मी ती बॉटल त्यांच्यासमोर कधी काढली नाही.

अशा माणसाने बाथटब घ्यायचे ठरवले, म्हणजे ते काम साधे होणार नव्हतेच. त्याला कारण काकींचे गुडघे. काकीही मिठागरातल्याच, उमेदीची वीस वर्षे डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिलेल्या. आता त्यांना खुर्चीतून उठायलाही कोणाचा तरी हात लागे, आणि हात मागणे त्यांना मरणाहून कठीण जाई. त्या मागत नसत, नुसत्या बसून राहत. मग घरमालक काहीतरी निमित्त काढून जवळ जात आणि त्यांना उठवत. डॉक्टरांनी सांगितले, रोज कोमट पाण्यात बसून पाय हलवा, स्विमिंग पूल असला तर उत्तमच. पुलात घालायच्या कपड्यांचे चित्र पाहून काकींनी तो विषय तिथेच संपवला. टबाला मात्र तयार झाल्या, एका अटीवर.

"बसंन मी त्यात. पन उठंन माजी मी. कोनी वढून काढायचं नाय मला."

एवढीच अट, पण घरमालकांच्या पुढच्या तीन महिन्यांचा तोच एक प्रश्न होऊन बसला.

त्यांची न्हाणी चार बाय साडेसहा. पहिल्या दिवशी त्यांनी गच्चीवर खडूने ती अख्खी आखली. दार, नळ, खिडकी, सगळे जिथल्या तिथे. मग आत टब आखला आणि त्यात झोपून पाहिले. दोन आठवडे ती खडूची न्हाणी गच्चीत होती. माझी बायको कपडे वाळत घालायला सरळ चालत गेली, तर कोपऱ्यातून आवाज आला, "वहिनी, भिंतीतून कुठं चालल्या? दार तिकडं हाय." ती बिचारी वळून दारातून गेली. पुढे तर त्या दारातून जाताना आम्ही सगळेच भाडेकरू नकळत अंग चोरायला लागलो.

मग दुकान. फिजिक्सचा माणूस म्हणून मला बरोबर घेतले. तुर्भ्याच्या बाजूला एक मोठे दुकान होते, आत पांढरेशुभ्र अ‍ॅक्रिलिकचे टब आणि टाय लावलेला सेल्समन. घरमालकांनी पिशवीतून चार लाकडी पट्ट्या आणि दोन जुन्या साड्यांच्या चिंध्या काढल्या आणि धोतर सावरून दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या करकचून बांधल्या. सेल्समनला वाटले की म्हातारबुवांचे पाय मोडले आहेत. तो खुर्ची आणायला धावला. मलाही क्षणभर कळले नाही, आणि कळले तेव्हा हसू जिथल्या तिथे विरले. ते काकींचे गुडघे घेऊन दुकानात आले होते. तसल्या न वाकणाऱ्या पायांनी ते टबात उतरले, पाठ टेकून डोळे मिटून बसले, आणि मग दोन्ही काठ धरून नुसत्या हातांच्या जोरावर उठायला लागले. कपाळावर घाम आला. तीनदा उठले, तीनदा बसले.

"हलला," ते म्हणाले.

सेल्समनने हिंदीत समजावले की सर, तो जरासा वाकतो, पण तुटणार नाही, दहा वर्षांची गॅरंटी आहे. घरमालक त्याच्यावर मुळीच रागावले नाहीत. म्हणाले, "तुटनार नाय रे बाबा, मला ठाव हाय. पन ती घाबरंल. एकदा घाबरली का परत बसनार नाय."

न हलणारा टब म्हणजे ओतीव लोखंडाचा. तो त्यांनी तळोज्याकडे एका भंगारवाल्याच्या आवारात शोधून काढला. कुठल्याशा पाडलेल्या बंगल्यातून आला होता. आतून पांढरा मुलामा, बाहेरून गंजलेला, आणि अंगाने असा की चार माणसांनी ढकलला तरी त्याच्या खालचे गवत हलेना. पुन्हा पट्ट्या, पुन्हा ते उतरणे. काठ दगडासारखा. घरमालकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसले, पण ते फार टिकले नाही. "सर, पाठ गार पडली," ते म्हणाले. मी शास्त्र सांगितले, की लोखंड आधी पाण्याची ऊब स्वतः पिते, मग मात्र बराच वेळ धरून ठेवते. अ‍ॅक्रिलिकचे तसे नाही, त्याला हात लावला की ते गार लागत नाही. त्यांनी लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, "म्हंजे आदी लोखंडानं ऊब खायाची, मग हिनं?" शास्त्राचा एवढा नेमका सारांश माझ्या एकाही विद्यार्थ्याने कधी केला नव्हता.

खरे सांगायचे तर लोखंडी टबाच्या बाबतीत माझा स्वार्थ होता. तो टब, त्यातले पाणी आणि काकी, असा सगळा संसार बरोब्बर आमच्या न्हाणीवर येणार होता. मी कागदावर वजनांची बेरीज करून दाखवली. घरमालक म्हणाले की स्लॅब त्यांनी स्वतः उभे राहून घातला आहे, कुठे किती सळई आहे ते त्यांना तोंडपाठ आहे, आणि तो लोखंडासकट हत्तीही पेलेल. माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. तरीही त्या दिवसांत मी आंघोळ जरा लवकर आटपत होतो.

शेवटी लोखंड हरले ते वजनामुळे नाही. त्याची बाजू फार उंच होती. काकींना त्यात पाय टाकता येणार नाही हे पट्ट्या बांधलेल्या गुडघ्यांनीच सांगितले. ऊबदार टब हलत होता, घट्ट टब गार आणि उंच होता. घरमालक आठ दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. गच्चीवरच्या त्या पुसट न्हाणीत जाऊन बसायचे. मला वाटले, हा माणूस आता हरला. नवव्या दिवशी त्यांनी अ‍ॅक्रिलिकचा टब आणवला आणि पहिली गोष्ट काय केली, तर त्याचे चारही पाय काढून टाकले.

बसवायला आलेला मिस्त्री खवळला. कंपनीने पाय दिले आहेत ते काय शोभेला, असे त्याचे म्हणणे. घरमालकांनी त्याला बाजूला बसवून चहा दिला. जमिनीवर रेती-सिमेंटचा ओलसर थर पसरला, पायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, खिडकीचे गज धरले आणि तुडवायला सुरुवात केली. आधी टाच, मग चवडा, मग अर्धे पाऊल पुढे. पोकळी राहिली की टब हलतो. खाली वाफ्यासारखी जमीन केली की तो हलेल कशाला? मी दारात उभा राहून बघत होतो, आणि सत्तरीच्या माणसाचे ते पाय एका तालात पडत होते. वीस वर्षे मी पोरांना बल आणि दाब शिकवत होतो. ते दिसते कसे, हे मी त्या दिवशी पाहिले.

काकी मागे खुर्चीत येऊन बसल्या होत्या. पायांकडे बघत त्या म्हणाल्या, "डावी टाच खोल जाते तुमची. पयल्यापासून जाते." घरमालकांनी मान हलवली, डाव्या बाजूला पुन्हा माल टाकला आणि त्या सांगतील तसे तुडवले. मिस्त्री चहा विसरून बघत राहिला. टब त्या ओल्या थरावर ठेवला, बाजूंनी वीट आणि काठाखाली पक्का कट्टा आला, वजनाने खालचा थर नीट बसावा म्हणून टब गार पाण्याने काठोकाठ भरला आणि घरमालकांनी न्हाणीला कुलूप घातले. आठ दिवस ती दोघे आमच्या न्हाणीत आंघोळीला येत. कुलूप उघडल्यावर पट्ट्या बांधून शेवटची परीक्षा झाली. काठ हलला नाही.

मग काकी बसणार त्या दिवशी दुपारी सगळी इमारत वर जमली, आणि तेव्हा कळले की न्हाणीतला गीझर दोन बादल्यांचा आहे. टबाला बादल्या लागतात बारा. तीन महिन्यांत काठ, कड, ऊब, उतार, वजन सगळे पाहणाऱ्या माणसाला पाणी तापवावे लागते हेच सुचले नव्हते. ते ओशाळून म्हणाले, "आमचं पानी सूर्य तापवायचा, सर." मग काय, चारही घरांचे गीझर लावले, गॅसवर पातेली चढली, आणि भाडेकरूंची रांग जिन्यातून बादल्या घेऊन वर निघाली. त्या जिन्याच्या पायऱ्या किती बेताच्या उंचीच्या आहेत, हे भरलेली बादली हातात असताना मला कळले. (पुढे गच्चीवर त्यांनी एक वेगळी काळी टाकी बसवली. उन्हाने दुपारी चारपर्यंत तिचे पाणी हवे तसे तापते, म्हणून काकींची वेळ चारची ठरली.)

काकी आत गेल्या, दार लोटले. बाहेर आम्ही दहाबारा माणसे बादल्या घेऊन उभी. आतून पाण्याचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. घरमालक दारापासून हातभर अंतरावर, हात पुढे करून नव्हे, मागे बांधून उभे होते. ते बांधलेले हात पाहणे मला अवघड गेले. अर्ध्या तासाने पाणी जोरात खळबळले. मग काहीच नाही. मग दार उघडले आणि काकी ओल्या केसांनी, एकट्या, भिंत धरून बाहेर आल्या.

"काठ हलला का गो?" घरमालकांनी विचारले.

"नाय," काकी म्हणाल्या आणि आत कुंकू लावायला गेल्या. कोणीतरी टाळ्या वाजवायला लागले होते, पण घरमालकांचा चेहरा बघून थांबले.

आता आम्ही उलव्याला स्वतःच्या घरात राहतो. मोठी दुकाने, मोठी इमारत, सगळे आहे, पण इथले फर्निचर कोणी बसून न बघताच घेतलेले आहे हे मला पावलोपावली जाणवते. मागच्या महिन्यात बोनकोड्याला गेलो होतो. काकी थकल्या आहेत. चहा घेता घेता मी टबाची चौकशी केली. घरमालकांनी बशी खाली ठेवली.

"काठ अजून नाय हलत," ते म्हणाले. "पन आता तिच्या हातात जोर नाय. आतून हाक मारते. माज्या हाताची गरज पडू नये म्हनून येवढं केलं, सर, आन् आता ती हात मागते. वाईट वाटाया पायजे. पन वाटत नाय."

ज्या गुणासाठी त्यांनी मला घरात घेतले होते तेवढाच माझ्याजवळ होता. चार वाजले, काकी न्हाणीत गेल्या, तसे ते उठले, खांद्यावर टॉवेल टाकला आणि हाक यायच्या आधीच न्हाणीच्या दाराशी जाऊन उभे राहिले.